कुर्ल्याची चकाकी, खानदेशातली धूळ

मुंबईत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत दाखल झाली. टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून हे मॉडेल मुंबईच्या टॅक्सीतून अधिकृतपणे बाद झाले. खाजगी पद्मिनींना मात्र हा नियम लागू नव्हता. त्या मुंबईबाहेर, थेट सातपुड्याच्या पायथ्याच्या नंदुरबारपर्यंत पोहोचल्या होत्या. नंदुरबार जिल्हाच मुळी 1 जुलै 1998 चा, त्यामुळे त्याआधी इथे नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर आजच्या एमएच-39 ऐवजी धुळ्याचा क्रमांक दिसायचा. अशी एखादी गाडी शहाद्याला किंवा तळोद्याला शेडमध्ये उभी असेल, तर इंजिनाआधी नजरेत भरतात ते तिचे फिके पडलेले बंपर.

गाडी मूळची इटलीची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमथ जुळवल्या. पुढे फियाट आली. 1964 च्या ‘1100 डिलाइट’चे नाव 1972 मध्ये ‘प्रेसिडेंट’ झाले, 1974 मध्ये ‘पद्मिनी’, चितोडच्या राणीवरून. 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगलाच लावलेला गिअर आणि पुढे-मागे क्रोमचे पोलादी बंपर.

या चकाकीचा उगम प्रयोगशाळेतला आहे. 1924 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आणण्याची पद्धत बसवली. त्याआधी गाड्यांना निकेल असे. ते पिवळट पडायचे आणि पुन्हा पुन्हा घासावे लागायचे. क्रोम निळसर चमकते आणि हवेत काळवंडत नाही.

पण बंपरवर दिसणारी चमक केवळ क्रोमची नसते. चांगल्या कामात पोलादावर आधी तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोम असते. वरचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. गंजापासून राखण करणारे खरे निकेल, आणि तेही क्रोमपेक्षा कित्येक पट जाड. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून ओल शिरते, निकेलच्या कच्च्या जागा शोधते आणि पोलादापर्यंत पोहोचली की तपकिरी ठिपके वर येतात. म्हणजे गंज खालून येतो आणि दिसतो वर. म्हणूनच घासून घासून तो मुळापासून ‘काढता’ येत नाही.

मुंबईत खारी हवा हे काम झपाट्याने करते. नंदुरबारची हवा कोरडी, त्यामुळे इथल्या गाडीचे क्रोम मुंबईच्या भावंडापेक्षा बरे निघण्याची शक्यता जास्त. इथला शत्रू वेगळा आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावर बारीक धूळ, आणि ती धूळ कोरड्या फडक्याने पुसायची सर्वांना सवय. ती पुसताना क्रोमवर बारीक ओरखड्यांचे जाळे उमटते. बोअरच्या जड पाण्याने धुऊन गाडी उन्हातच वाळू दिली, तर क्षारांचे पांढरे डाग वेगळे.

फिकेपणावर औषध ठरवण्याआधी धातू ओळखावा लागतो, आणि बहुतेक नासधूस इथेच होते. लोहचुंबक चिकटला की पोलाद, असा सरळ हिशेब गॅरेजमध्ये सांगतात. तो अर्धाच खरा. गाड्यांच्या अंगावरच्या चमकदार पट्ट्यांना वापरतात त्या स्टेनलेस स्टीलच्या काही जातींनाही चुंबक चिकटतो. चिकटला नाही तर पट्टी ॲल्युमिनियमची असेल, चुंबक न चिकटणाऱ्या स्टेनलेसची किंवा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली. यांतली स्टेनलेस पट्टी सर्वांत गुणी, कारण तिच्यावर थरच नाही, आत-बाहेर एकच धातू. पोचा आतून हलक्या हातोडीने उठवायचा, 400, 600, 800, 1200 नंबरच्या वॉटर पेपरने क्रमाने घासायचे, मग बफला लावायचे. नव्यासारखी होते.

ॲल्युमिनियमची गोष्ट उलटी. त्यावर बऱ्याचदा ॲनोडायझिंगचा कठीण पारदर्शक थर असतो आणि फिका पडतो तो हा थर. कॉस्टिक सोडा तो झटक्यात उतरवतो. खालचा धातू घासून चमकवला तरी उघडा पडल्यामुळे थोड्याच दिवसांत पुन्हा मलूल होतो. जस्ताच्या ओतीव भागांवर फोड आले असतील तर घरच्या प्रयोगांना हातच लावू नये. आम्ल तो धातूच खाते.

क्रोमवर तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर चोळू नये. साबणपाण्याने धुवावे, मऊ कपड्याने टिपावे. गंजाचे ठिपके वरवरचे असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलके फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा न पडता गंज निघतो. नंतर मेणाचा हात.

खड्डे खोल असतील तर पुन्हा क्रोम मारण्याला पर्याय नाही, आणि तिथे मामला गंभीर होतो. जुने थर उतरवणे, घासणे, तांबे, निकेल, क्रोम अशी ही साखळी. पारंपरिक क्रोमच्या टाकीत असते ते षट्संयुजी क्रोमियम सिद्ध झालेले कर्करोगकारक आहे, त्यामुळे सांडपाण्यावर प्रक्रिया सक्तीची. स्वस्तात काम करणारा बहुधा तांबे गाळतो आणि निकेल पातळ मारतो. दुकानात स्वस्त आणि चांगल्या कामाचे बंपर सारखेच चमकतात. फरक पावसाळ्यानंतर कळतो. दर विचारण्याआधी थर विचारावेत.

गाडीचे मूळपण जपायला आणखी एक कारण आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या बिगर-व्यावसायिक गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी 2024 मध्ये गाठली. ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी आहे त्यांनी बंपर क्रोमला धाडण्यापूर्वी सर्व पट्ट्यांचे, अक्षरांचे, व्हील कॅपचे फोटो काढून ठेवावेत, आणि काढलेला मूळ भाग कितीही फिका असला तरी भंगारात देऊ नये.