जपानी घरगुती स्वयंपाक : अर्क एक, ऋतू चार

जपानच्या पारंपरिक घरगुती जेवणाचे सूत्र 'इचिजू सान्साई' असे आहे. भातासोबत एक सूप आणि तीन पदार्थ, असा त्याचा अर्थ. त्यात मसाल्यांना फारसे स्थान नाही. चवीचा भार पेलते ती 'दाशी'. 'कोम्बू' हे वाळवलेले समुद्रशैवाल पाण्यात मंद आचेवर ठेवून उकळी येण्यापूर्वी काढले जाते. मग धूर देऊन सुकवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप घालून अर्क लगेच गाळतात. कोम्बूच्या या चवीचे मूळ ग्लुटामेटमध्ये असल्याचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधले आणि तिला 'उमामी' हे नाव दिले.

दाशी बारमाही; ताट मात्र ऋतूनुसार बदलते. जिन्नस ऐन चवीला येण्याच्या काळाला 'शुन' म्हणतात. वसंतात बांबूच्या कोवळ्या कोंबांचा भात, उन्हाळ्यात बर्फगार पाण्यातील 'सोमेन' शेवया, शरदात भाजलेला 'सान्मा' मासा, तर हिवाळ्यात सर्वांसाठी एकाच भांड्यात शिजणारे 'नाबे'. खरी कल्पकता दिसते ती काटकसरीत. नाबेच्या उरलेल्या रश्श्यात भात शिजवला जातो, तर वापरलेला कोम्बू सोया सॉसमध्ये आटवून तोंडीलावणे होते.

'वाशोकु' या खाद्यपरंपरेला युनेस्कोने डिसेंबर २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. घरातील चित्र मात्र वेगळे आहे. १९६२ मध्ये जपानमध्ये दरडोई सुमारे ११८ किलो तांदूळ वर्षाला लागत असे; आता त्याच्या निम्माही लागत नाही. अनेक घरांत दाशीही तयार भुकटीपासूनच होते.