विश्लेषण : शेवटच्या भोकात टॅप का तुटतो? चूक हाताची की तेलाची?

जॉबवरचे मिलिंग झाले, भोके पाडून झाली, आता फक्त ६ मिलिमीटरचे आटे पाडायचे उरले. शेवटच्या भोकात टॅप अर्ध्यावर जाम होतो आणि ‘टक’ असा आवाज येतो. टॅप कडक पोलादाचा असल्याने आत अडकलेला तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. जॉब स्पार्क इरोजनला पाठवावा लागतो, नाहीतर थेट भंगारात जातो. भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या लहान वर्कशॉपमध्ये अशा वेळी बोलणी खातो तो ऑपरेटर. पण अनेकदा खरे कारण भोकात टाकलेल्या, किंवा न टाकलेल्या, तेलात असते.

ड्रिल आणि टॅपची गरज वेगळी का?

ड्रिल वेगाने फिरते, त्यामुळे टोकाशी प्रचंड उष्णता तयार होते. ती ओढून घ्यायला पाण्यासारखे दुसरे काही नाही. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १८८३ मध्येच दाखवले होते, की कापणाऱ्या टोकावर पाण्याची जोरदार धार सोडली तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो. मात्र नुसत्या पाण्याने गंज चढतो आणि वंगणही मिळत नाही. म्हणून दुधासारखे दिसणारे सोल्युबल ऑइलचे मिश्रण वापरतात.

टॅप हळू फिरतो. तिथे उष्णतेपेक्षा घर्षण मोठे असते. टॅपचे अनेक दात एकाच वेळी धातूला घासतात आणि चिप्स खाचांमध्ये दाटतात. या दाबाखाली पातळ कूलंटचा थर टिकत नाही. सल्फर, क्लोरिन किंवा स्निग्ध घटक असलेले कटिंग ऑइल धातूवर चिवट थर धरते आणि टॅप जॉबला चिकटू देत नाही.

कोणत्या धातूला काय?

• एमएस : ड्रिलिंगला सोल्युबल ऑइल, टॅपिंगला सल्फरयुक्त कटिंग ऑइल.

• स्टेनलेस स्टील : टूल नुसते घासत राहिले की पृष्ठभाग आणखी कडक होतो. वेग कमी, फीड ठाम आणि जास्त दाब सोसणारे कटिंग ऑइल हवे.

• ॲल्युमिनिअम : धारेला चिकटते. सोल्युबल किंवा हलके कटिंग ऑइल चालते. रॉकेलही वापरतात, पण ते पेट घेऊ शकते.

• पितळ, तांबे : पितळ बऱ्याचदा कोरडेच कापले जाते. तीव्र सल्फरच्या तेलाने दोन्ही धातू काळे पडतात.

• बीड : त्यातले ग्रॅफाइटच वंगणाचे काम करते. तेल टाकले तर भुकटीचा चिखल होतो, म्हणून बहुधा कोरडे काम.

• मॅग्नेशिअम : पाण्याचे कूलंट टाळावे. पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन निघतो आणि आगीचा धोका वाढतो.

इंजिन ऑइल चालेल का?

काहीच नसण्यापेक्षा बरे, इतकेच. ते इंजिनातल्या भागांसाठी बनवलेले असते, धातू कापण्यासाठी नाही. गाडीतून काढलेले जुने, काळे तेल तर वापरूच नये. त्यातले घटक त्वचेला घातक असतात.

मिश्रण कसे करावे?

आधी पाणी, मग त्यात तेल, हाच क्रम. उलटे केले तर मिश्रण नीट होत नाही. प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असते, नेमका आकडा डब्यावर पाहावा. टाकीतले पाणी उडून जाते, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण तपासत राहावे. कूलंटला कुबट वास आला तर त्यात जिवाणू वाढले आहेत असे समजावे.

हाताला खाज का सुटते?

कूलंट सतत अंगावर राहिले की त्वचारोग होऊ शकतो. त्याचे तुषार श्वासातून आत जाणेही अपायकारक आहे. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेने १९९८ मध्ये हवेतील अशा तुषारांसाठी प्रति घनमीटर ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. तेलाने माखलेले फडके खिशात ठेवण्याची सवय तर आधी सोडावी.

तेल बरोबर असूनही टॅप तुटला तर?

मग भोक मोजावे. एम ६ च्या नेहमीच्या आट्यांसाठी ५ मिलिमीटरचे, एम ८ साठी ६.८ मिलिमीटरचे ड्रिल लागते. भोक लहान राहिले तर उत्तम तेलही टॅपला वाचवत नाही. हाताने आटे पाडताना अधूनमधून टॅप थोडा उलटा फिरवावा, चिप तुटते आणि तेलाला आत जायला वाट मिळते.