लागणीची लाट कशी ओळखावी



उसाला पाणी भरणारा जाणता गडी शेवटची सरी भरेपर्यंत मोटार चालू ठेवत नाही. एक-दोन सऱ्या राहिल्या की बंद करतो, कारण पाटात वाटेवर असलेले पाणी येणारच असते. नवखा गडी वाट बघत बसतो आणि बांध फोडून घेतो. उसाच्या लागणीत मात्र आपण भले भले जाणते लोकही त्या नवख्या गड्यासारखे वागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्याचे साखर उत्पादन बघा. २००४-०५ च्या हंगामात दुष्काळ आणि लोकरी मावा यांच्या तडाख्याने ते २२ लाख टनांच्या आसपास घसरले. दोनच वर्षांनी, २००६-०७ साली, सुमारे ९० लाख टन. २००८-०९ ला पुन्हा ४६ लाखांच्या घरात. २०१८-१९ साली १०७ लाख, लगेच पुढच्या हंगामात ६२ लाखांच्या आत-बाहेर, आणि २०२१-२२ साली १३७ लाख! पाऊस कमी-जास्त झाला की ऊस कमी-जास्त होणार, हे खरेच. पण सगळे खापर पावसावर फोडून चालणार नाही.

काय होते ते पाहू. ऊस कमी असतो त्या हंगामात तोडणीच्या टोळ्या आपण होऊन बांधावर येतात, दोन-दोन कारखान्यांचे चिटबॉय चहाला बसतात. पुढे पाऊस बरा होतो, येलदरी-सिद्धेश्वर भरतात, पाटाच्या पाळ्या मिळणार हे कळते. मग वसमत काय नि औंढा काय, जो तो बेणे शोधत फिरतो. आता आडसालीला सोळा-अठरा महिने, पूर्वहंगामीला चौदा-पंधरा, सुरूला बारा महिने लागतात. म्हणजे बातमी आजची आणि ऊस गव्हाणीत पडणार पुढच्या, नाहीतर त्याच्याही पुढच्या हंगामात. शेजाऱ्याचा ऊस गुडघ्याएवढा असेतोवर गर्दी कुणाला दिसत नाही, म्हणून लागण चालूच राहते. वर खोडवा असतोच. २०२० आणि २०२१ ही मराठवाड्यात पावसाची वर्षे गेली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात काय झाले ते आपण सोसले आहे. जून उजाडला तरी मराठवाड्यात कारखाने चालू होते. उन्हात उभ्या उसाला दशी पडली, वजन घटले, पैसे तर वजनावरच मिळतात, आणि पुढच्या पिकाचे रान अडकले ते वेगळेच.

मग चिडून माणूस खोडवा मोडतो. गावोगावी मोडतात. त्यातच एखादा पाऊस दगा देतो आणि दोन वर्षांनी पुन्हा टोळ्या बांधावर!

ही चाल काही उसाचीच नव्हे. आपल्याकडच्या हळदीला २०१० साली भाव चढला, सगळ्यांनी बेणे राखले, आणि दोनेक वर्षांत भाव कोसळला. तिकडे जर्मनीत १९२० च्या दशकात हानाऊ नावाच्या अभ्यासकाला डुकरांच्या भावात हेच चढउतार सापडले. भाव चढला की लोक पिल्ले वाढवायला घेत, ती बाजारात येईपर्यंत सगळ्यांचीच आलेली असत. कागदावर याची आकृती काढली तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून पुढे अर्थशास्त्रात तेच नाव पडले.

शेतकरी लोभी म्हणून असे होते, हे मला पटत नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणानेच वागतो. अडचण अशी, की सगळ्यांना एकच बातमी एकाच वेळी मिळते आणि केल्याचे फळ वर्ष-दीड वर्षाने दिसते. कारखानदारीही यातून सुटलेली नाही. ऊस शिल्लक राहिला म्हणून गाळपक्षमता वाढवायची, आणि यंत्रे उभी राहीपर्यंत ऊसच नाहीसा व्हायचा, असे राज्यात कितीदा तरी घडले आहे.

तेव्हा लागण करण्यापूर्वी यंदा टोळी किती लवकर आली हे बघू नये, ती मागची गोष्ट झाली. वाटेवर काय आहे ते बघावे. आपल्या गटात आडसालीची नोंद किती, खोडवा किती राहणार, पावसाळा संपताना धरणात साठा किती, हे गट ऑफिसात विचारा. नोंद भराभर वाढत असेल तर सगळे रान एकदम उसाखाली घालू नका. निम्मे पूर्वहंगामी, निम्मे सुरू असे करा, किंवा एखादा तुकडा हळदीला ठेवा (अर्थात हळदीची लाट कुठवर आली तेही पाहूनच). उलट गावात सगळे मोडत सुटतात तेव्हा निदान दहा-पंधरा गुंठे निरोगी बेणेमळा राखावा. त्या वर्षी बेण्याला कुणी विचारत नाही, पुढच्या वर्षी मिळत नाही.

आणि एक विनंती. लागण झाल्यावर नोंद लगेच द्या, खोडव्याची वेगळी द्या. तोडीचा नंबर पुढे यावा म्हणून काही जण लागणीची तारीख मागची सांगतात, काही जण एकच ऊस दोन कारखान्यांकडे लिहवतात. अशाने आमच्या रजिस्टरात वाटेवरचा ऊस खरा दिसत नाही, आणि मग तुम्ही विचारायला आलात तर आम्ही तरी काय सांगणार?

— ऊस विकास अधिकारी