चोर कोण? मीटर, तार की माणूस?

दूधवाल्याचे माप, वाण्याचा तराजू आणि विजेचे मीटर या तिघांवर कधीच संशय न घेतलेला गृहस्थ आपल्या मध्यमवर्गात विरळाच! पहिल्या दोघांशी निदान भांडता तरी येते. मीटर मात्र भिंतीवर बसून मुकाट्याने आकडे मोजीत राहते. तरी घरच्या मीटरचा हिशेब सरळ असतो. घरात शिरणारी सारी वीज त्याच्या पोटातूनच जाते. खरी गंमत पाहायची ती कारखान्यात!

तिथल्या यंत्रांना शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह मीटरच्या नाजूक प्रकृतीला झेपणार कसा? म्हणून तिथे शितावरून भाताची परीक्षा करतात. जाड केबलभोवती लोखंडी गाभ्याचे एक कडे बसवलेले असते. कारागीर मंडळी त्याला 'सी.टी.' म्हणतात. केबलमधून २०० अँपिअर गेले की कड्याच्या बारीक तारेतून ५ अँपिअर निघतात. मीटरने ते ५ मोजायचे आणि ४० ने गुणायचे. आता कोणी ४० ऐवजी २० हा गुणक भरला, तर यंत्रे तीच, वीज तीच, पण आकडा निम्मा! ही चूक सी.टी.वरची पाटी वाचून तरी सापडते. दुसरी एक चूक मात्र फार लबाड आहे.

कारखान्याची वीज तीन फेजनी येते, म्हणून सी.टी.ही बहुधा तीन असतात, आणि प्रत्येकीला उलटसुलट बाजू असते. एकीची टोके उलट जोडली गेली, तर काय होते? तीन भावांनी दुकानात सारखीच रक्कम भरावी आणि मुनीमाने तिसऱ्याची जमा 'नावे' टाकावी, तसे! एक अधिक एक उणे एक, शिल्लक एकच. चिन्हासकट बेरीज करणारे मीटर मग खऱ्या विजेचा फक्त तिसरा हिस्सा दाखवते. आणि दोन फेजच्या सी.टी.ंची आपसांत अदलाबदल झाली, तर भार सारखा असताना बेरीज चक्क शून्य! यंत्रे धडधडताहेत आणि मीटर ढिम्म!

ही नुसती आकडेमोड नव्हे; एखाद्याची अब्रू तिच्यावर टांगलेली असू शकते. माझ्या एका आप्तांच्या कारखान्यात मुख्य मीटरशिवाय प्रत्येक खात्याला स्वतःचे वेगळे मीटर आहे. पावसाळ्यानंतर या साऱ्यांची बेरीज मुख्य मीटरशी जुळेना. रोज मोठी तूट! शेजारच्या गाळ्याला कोणीतरी चोरून वीज देत असावे, अशी कुजबुज सुरू झाली आणि बोट वळले ते जुन्या वायरमनकडे.

"साहेब, घराची झडती घ्या, हवे तर उद्यापासून येत नाही," तो म्हणाला, "पण हे नाव लावून पाठवू नका."

सुदैवाने मालकांनी एका निवृत्त इंजिनिअरकाकांना बोलावले. काकांनी कोणाचीच झडती घेतली नाही. त्यांनी वही मागितली आणि विचारले, "ही तूट कधी कधी पडते?" वही चाळता दिसले की एकच खाते चालू असताना तूट पडते, त्याला सुटी असली की तीही नाहीशी!

"हा चोर भलताच नेमस्त दिसतो," काका हसले, "खात्याबरोबर सुटी घेतो!"

मग त्यांनी त्या खात्याच्या तिन्ही केबलींना टाँगटेस्टर लावला. प्रत्येकीत १०० अँपिअर, दाब ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.९. म्हणजे वीज सुमारे ६५ किलोवॅट हवी. मीटर सांगत होते साडेएकवीस! बरोबर तिसरा हिस्सा. फेजवार आकडे पाहिले, तर दोन अधिक आणि तिसरा उणे. पावसाळ्यात पॅनेलच्या दुरुस्तीसाठी सी.टी. सोडवली होती, ती उलटी जोडली गेली होती. वीजपुरवठा बंद करून दोन तारा बदलल्या आणि ४३ किलोवॅटचा 'चोर' नाहीसा झाला. मालकांनी सर्वांदेखत वायरमनचे हात हातात घेतले. तो काही बोलला नाही; नुसते डोळे पुसले.

मात्र वाचकहो, हा उद्योग हौशी माणसाचा नव्हे. केबलमधून प्रवाह चालू असताना सी.टी.ची बारीक तार मोकळी केली, तर तिथे जीवघेणा दाब उभा राहतो. आणि वीज कंपनीच्या मीटरचे सील तर आपण तोडायचेच नाही. रीतसर तक्रार करायची.

शिवाय उणे चिन्ह दिसले म्हणजे चूकच, असेही नव्हे. ब्लाँडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार तीन तारांतली वीज दोनच मापकांनी मोजता येते. तशा जोडणीत पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला, की एक मापक उणे दाखवतोच. तिथे ते चिन्हच खरे!

कधी कधी जोडणी निर्दोष असूनही बिल फुगते. उसाच्या रसाच्या पेल्यात रसावर फेस असतो ना? तसेच विजेचे. काम करते ती किलोवॅट, फेसासकट भरलेला पेला तो केव्हीए. महाराष्ट्रात २०२० च्या एप्रिलपासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना साऱ्या पेल्याचेच पैसे पडतात. फेस कमी करायला कपॅसिटर लावतात. पण रात्री यंत्रे थांबल्यावर तेच चालू राहिले, तर उलट्या जातीचा फेस चढतो. औषधाचाही अतिरेक बाधतोच!

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. त्या वहीत जमा-खर्च जुळला नाही, तर आधी बेरीज तपासावी, मग तराजू, आणि माणसावर बोट सर्वांत शेवटी उचलावे. उलट लागलेली तार पाच मिनिटांत सुलट करता येते. माणसाच्या कपाळी लागलेला डाग इतक्या सहजी निघत नाही.