गोठ्यातली राजदूत

वाचकहो, तुमच्या गोठ्याच्या किंवा पडवीच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आणि मोडक्या पाभरीच्या आड एखादी जुनी मोटारसायकल उभी आहे का? टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी बीळ केलेले, टाकीवर कोंबडी बसलेली? असेल तर ती भंगारात घालण्याआधी एवढा मजकूर वाचून घ्या.

इंद्रायणीकाठचे चऱ्होली गाव तुम्हाला ठाऊक असेल. आळंदीला पायी जाताना कितीतरी वारकऱ्यांनी वाघेश्वराच्या देवळाचा कळस पाहिला आहे. एकेकाळी इथे ऊस, कांदा आणि भाजीपाला होई, घरोघर दुभती जनावरे असत. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आता शिवारात इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही जुन्या वाड्यांच्या मागे गोठे आहेत, आणि अशाच एका गोठ्यात ही राजदूत बारा-पंधरा वर्षे उभी होती.

एके दिवशी दारात भंगारवाला आला. गाडीकडे बघून म्हणाला, "वजनावर घेतो." घरचा कर्ता मुलगा भोसरीला लेथवर कामाला. त्याला जागा मोकळी हवी होती, तो तयार झाला. तेवढ्यात म्हातारी आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाळा, ह्यांनी ह्याच गाडीला दोन्ही अंगांना किटल्या बांधून पुण्याला दूध घातलं. त्याच दुधावर तुझं शिक्षण झालं. वजनावर नको देऊस." मुलगा गप्प झाला. भंगारवाला चहा पिऊन गेला. आणि आयटीआयला जाणारा नातू म्हणाला, "दादा, मी चालू करून बघू का?"

बापाने परवानगी दिली, पण एक अट घातली. खर्चाची वही ठेवायची, आणि धाकटीच्या फीच्या पैशाला हात लावायचा नाही. अट रास्त होती. हौसेला मोल नसते म्हणतात, पण शेतकऱ्याच्या घरी ते असावेच लागते.

आता या गाडीची कुळकथा ऐका. राजदूत ही मूळची पोलंडची. तिथल्या किएल्त्से शहरातल्या कारखान्यात एस.एच.एल. एम-११ नावाची मोटारसायकल होत असे. तिचा परवाना घेऊन एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून ती आपल्याकडे बनवायला घेतली. इंजिन १७३ सी.सी.चे, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर. गाडी दणकट, कामाला साधी, आणि गावच्या मेकॅनिकला पान्हा-हातोडीवर उघडता येणारी. त्या काळी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. शिवाय बारीक चाकांची स्कूटर काळ्या रानातल्या चिखलात काय कामाची? राजदूत मात्र बांधावरून, ओढ्यातून, गाडीवाटेने जाई. दूधवाले, ग्रामसेवक, पोस्टमन, पशुवैद्य सगळ्यांनी ती वापरली. धर्मेंद्रची तिची जाहिरात जुन्या मंडळींना आठवत असेल. शहरातली पोरे 'बॉबी' चित्रपटातल्या छोट्या राजदूतवर भाळली, पण शेतकऱ्याची गाडी ती ही मोठी राजदूत. कारखान्यातून ती निघणे बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली.

नातवाने पहिल्याच दिवशी चूक केली. प्लग काढून न बघता किकवर उभा राहिला. किक हलेना. बापाने त्याला खाली उतरवले. वाचकहो, वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे पिस्टन सिलिंडरला गंजाने धरते. अशा वेळी जोर केला की किकचे दाते तुटतात, आणि तेच पुढे मिळत नाहीत. प्लग काढावा, भोकातून थोडे डिझेल किंवा पातळ ऑइल सोडावे आणि चार-आठ दिवस थांबावे. मग गाडी स्टँडवर घेऊन, वरच्या गिअरमध्ये टाकून, मागचे चाक हातानेच हळूहळू पुढे-मागे हलवावे. या गाडीचे पिस्टन सहाव्या दिवशी सुटले.

दुसरी गोष्ट टाकीची. आत गंजाचा चिखल असतो आणि तळाला कुठेतरी बारीक भोक पडलेले असते. गावात पटकन वेल्डिंगवाल्याकडे टाकी नेण्याची सवय आहे. सावध राहा! टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते, आणि ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते. टाकीच्या कामात मुरलेल्या कारागिराकडेच ती द्यावी. तो आधी ती धुऊन, वाफ पुरती घालवून मगच आच लावतो.

गाडी खोलताना नातवाने एक शहाणपण केले. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेतला, आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत घालून वर चिठ्ठी लावली. वायरींच्या दोन्ही टोकांना एकच आकडा बांधला. यामुळे पुढचे निम्मे काम वाचले.

आता खरा प्रश्न सुट्या भागांचा. कंपनी नाही, तर माल कुठून आणायचा? इथे सामानाचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग, जे दुर्मिळ वाटते पण नसते. बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो. तो आकडा सांगितला की तेच बेअरिंग कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते, मग ते राजदूतचे असो की पाण्याच्या मोटारीचे. ऑइल सीलचेही तसेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, एवढी तीन मापे पुरतात. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची सील फार महत्त्वाची. ती वाळली की इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन पुन्हा धरते. म्हणून उघडलेच आहे तर सील नव्या घालाव्यात.

दुसरा ढीग, जे शोधावे लागते. पिस्टन, कार्बोरेटर, स्पीडोमीटर, टाकीवरचे नाव, टूलबॉक्सचे झाकण. यासाठी पुण्यात नाना पेठेतली दुचाकी सामानाची दुकाने पालथी घालावीत. नव्या पोराला विचारू नका. गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकाला विचारा. त्याच्या माळ्यावर जुन्या पुड्या पडलेल्या असतात. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार पाहावा. तिथे सकाळी लवकर जावे आणि आपला मोडका भाग नमुन्याला बरोबर न्यावा. दिल्लीच्या करोल बागेतही जुन्या गाड्यांचा माल निघतो. पोलंडमध्ये एस.एच.एल.चे शौकीन अजून आहेत, तिथेही काही भाग मिळतात. पण आपल्याकडे पुढे बरेच बदल झाले, म्हणून व्हर्नियरने माप घेतल्याखेरीज मागवू नये.

पिस्टनबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आधी पिस्टन हातात घ्यावा, मग त्या मापाला ब्लॉक बोअर करावा. उलटे केले आणि त्या मापाचा पिस्टनच मिळाला नाही, तर बोअर केलेला ब्लॉक कपाटात ठेवावा लागतो.

तिसरा ढीग, जे कुठेच मिळत नाही. राजदूतच्या पुढच्या फोर्कची रचना वेगळी आहे. तिला दुर्बिणीसारखे नळ्यांचे फोर्क नाहीत, पुढचे चाक झुलत्या दांड्यांवर बसते. त्या दांड्यांचे बुश झिजले की हँडल लडबडते आणि खड्ड्यात गाडी भलतीकडे ओढते. हे बुश बाजारात सापडेनात. नातू हिरमुसला. तेव्हा बाप जेवता जेवता म्हणाला, "जुना बुश दे इकडे." त्याने मालकाची परवानगी काढली, सुट्टी झाल्यावर थांबला आणि गनमेटलचे बुश स्वतःच्या हाताने लेथवर काढून आणले. गाडी भंगारात द्यायला निघालेला माणूस तो हाच! त्या रात्री बापलेक गोठ्यात दिवा लावून बारापर्यंत बसले होते. आपल्या या पट्ट्यात हा मोठा फायदा आहे. भोसरी, चिंचवड, चाकण इथल्या गल्लीगल्लीत असे हात आहेत. अस्सल नमुना दिला तर बुश, पिन, स्पेसर होऊ शकतात. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग कच्च्या लोखंडाचा करू नये. तिथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवे. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते तुमच्याच उसापासून, मक्यापासून आणि धान्यापासून होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुने रबर व बूच त्यात फुगते. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरचे पॅकिंग नव्या प्रतीचे घालावे, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. पेट्रोलात टू-टी ऑइल ठरलेल्या प्रमाणात मिसळणे विसरू नये. पाठीवरच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाला जो नियम, तोच हिला.

शेवटी कागद. गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर नेता येते असे नाही. केवळ वय झाले म्हणून महाराष्ट्रात खासगी दुचाकी मोडीत काढावीच लागते, असा कायदा नाही. पण नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून ती नवी करावी लागते. राहून गेलेल्या काळाचा दंडही पडतो. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळला पाहिजे, म्हणून रंगाच्या वेळी तो घासू देऊ नका. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळा नियम केला. अशा गाडीच्या नंबरात 'व्ही ए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पण त्या नंबरावर गाडी प्रदर्शनाला, फेरीला नेता येते, रोज बाजाराला नाही. तुम्हाला काय हवे ते आधी ठरवा.

चऱ्होलीच्या घरी कागद आजीच्या ट्रंकेत निघाले, लग्नातल्या शालूच्या घडीत. खर्चाची वही भरत आली होती, आणि रंगाला पैसे उरले नव्हते. मग रंग राहिलाच. जुनाच काळा रंग पुसून घेतला. एका रविवारी सकाळी बाराव्या-पंधराव्या किकला गाडीने निळा धूर सोडला आणि तो ओळखीचा फटफट आवाज झाला. शेजारची म्हातारी मंडळी आवाजावरून बाहेर आली. आजी मात्र बाहेर आली नाही. चुलीपाशी बसूनच तिने नातवाला हाक मारली, "अरे, आवाज थोडा बारीक येतोय. ह्यांच्या वेळी असा नव्हता." नातवाने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, तेव्हा ती म्हणाली, "हां, आता बरोबर."

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी गोठ्यातली पोती बाजूला करा. गाडीचे नंबर वहीत उतरवा, कागद शोधा, आणि खर्चाची मर्यादा ठरवा. जमणार नसेल तर न जमो, त्यात कमीपणा नाही. मग ती वजनावर न देता एखाद्या जाणकाराला द्या, तिचे भाग दुसऱ्या गाडीला लागतील. पण काय करायचे ते ठरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा. त्या गाडीचा हिशेब बहुधा तिलाच पाठ असतो.