सायकलस्वाराच्या बुटाची क्लीट आणि गुडघ्याचे स्वास्थ्य

दूर पल्ल्याचा सायकलस्वार पेडलांना मिनिटास साधारणतः ८० ते ९० फेरे देतो. ९० ची गती धरली, तर त्याचा प्रत्येक गुडघा तासाला ५,४०० वेळा आणि आठ तासांच्या रपेटीत ४३,२०० वेळा वाकतो व उलगडतो. पावलाची ठेवण दोन-चार अंशांनी चुकली असल्यास एका फेऱ्यात ती जाणवणारही नाही. परंतु तीच चूक सहस्रावधी वेळा घडली म्हणजे गुडघा दुखू लागतो. ही ठेवण ज्या लहानशा तुकड्यावर अवलंबून असते, त्या क्लीटच्या मांडणीचा विचार येथे करावयाचा आहे.

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूंनी बसविलेला आणि पेडलच्या स्प्रिंगयुक्त पकडीत अडकणारा तुकडा होय. बर्फावरील स्कीच्या पकडी तयार करणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली अशी पेडले बाजारात आणली, आणि १९८५ ची तूर द फ्रान्स ही शर्यत बर्नार इनो याने तीच वापरून जिंकली. तत्पूर्वी स्पर्धक पावले पट्ट्यांनी आवळून बांधीत. नव्या पकडीतून टाच बाजूस फिरविताच पाय सुटतो, ही मोठीच सोय झाली; तथापि पाय एकाच कोनात जखडला जाण्याचा प्रश्न उरला.

त्याचे कारण शरीररचनेत आहे. कंबर सीटवर आणि पाऊल पेडलवर स्थिर झाले, की मधला गुडघा दोहोंच्या कचाट्यात सापडतो. हा सांधा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. पीळ सोसण्याची त्याची शक्ती मर्यादित आहे. म्हणूनच टाचेला किंचित हलू देणाऱ्या क्लीट पुढे प्रचारात आल्या. लूकच्या काळ्या क्लीटमध्ये ही मोकळीक ० अंश, करड्या क्लीटमध्ये ४.५ अंश व तांबड्या क्लीटमध्ये ९ अंश असते. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये मात्र तांबडी ० अंशाची, निळी २ अंशांची आणि पिवळी ६ अंशांची. एकाच तांबड्या रंगाचे हे दोन परस्परविरोधी अर्थ खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नवशिक्याने मोकळीक असलेलीच क्लीट निवडावी.

मांडणी तीन दिशांनी करावयाची असते. प्रथम पुढे-मागे. अंगठ्याच्या मुळाशी आतील बाजूस आणि करंगळीच्या मुळाशी बाहेरील बाजूस हाडाचे उंचवटे हाताला लागतात. दुसरा पहिल्यापेक्षा थोडा मागे असतो. बूट घालून दोन्हींच्या खुणा कराव्यात व पेडलचा आस त्यांच्या दरम्यान येईल अशी क्लीट बसवावी. ती फार पुढे असल्यास पोटरीवर व टाचेच्या कंडरेवर ताण वाढतो. ती मागे घेतल्यास पेडलपर्यंतचे अंतर पायाला जास्त वाटू लागते. म्हणून सीटही किंचित खाली घ्यावी.

दुसरी गोष्ट कोनाची. उंच टेबलाच्या कडेवर बसून पाय सैल सोडावेत आणि पावले निसर्गतः कोणीकडे वळतात ते पाहावे. क्लीटचे टोक अंगठ्याच्या बाजूस वळविले, तर बोटे बाहेर व टाच आत जाते. करंगळीकडे वळविल्यास याच्या उलट घडते. दोन्ही पावले सारखी असतीलच असे नाही. तेव्हा प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा करावी.

तिसरी आडवी दिशा. क्लीट बुटाच्या आतील कडेकडे सरकविली, की पाऊल क्रँकपासून दूर जाते. पुढून पाहिले असता गुडघा पावलाच्या रेषेत वर-खाली व्हावा, हे यातील गमक होय.

एका वेळी एकच बदल, तोही एक-दोन मिलिमीटरचा, करून सौम्य रपेटीने पडताळा घ्यावा. झिजलेली क्लीट बदलण्यापूर्वी तिची कड बुटावर रेखून ठेवावी. मात्र प्रत्येक वेदनेचा दोष क्लीटवर लादू नये: वाटीपुढील दुखणे पुष्कळदा सीट फार खाली असल्याने उद्भवते. योग्य मांडणीनंतरही वेदना टिकली, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

सारांश, दुसऱ्याच्या बुटावरील मांडणी उचलून आपल्या बुटावर बसविणे हीच मुख्य चूक आहे. स्क्रू सैल करून क्लीट सरकविता येते. गुडघ्याची घडण तशी सरकविता येत नाही. म्हणून क्लीटनेच पायाच्या कलाने चालले पाहिजे.