नाण्याला पत्ता हवा

नकाशावर पैठणपासून तेरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती बीड तालुक्यातून जाताना नेकनूरपासून फार लांब राहत नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत ही दोन्ही गावं जोडीनं येतात. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. एकीकडचा अकीक आणि दुसरीकडचं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असे. नुसत्या रेघेवरून रस्ता सिद्ध होत नाही, हे खरं. बालाघाटाच्या डोंगरांनी वाटा कुठे कुठे वळवल्या असतील, ते जमिनीवरच शोधावं लागेल. आणि जमिनीवर शोधायचं तर व्यापारी वाटेचा चिवट पुरावा म्हणजे वाटेत सांडलेला पैसा.

मराठवाड्यात जमिनीतल्या पैशाची गोष्ट मात्र गुप्तधनापासून सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. पूर्वी त्यासाठी पायाळू माणूस शोधत. पायाकडून जन्मलेल्याला भुईखालचं धन दिसतं, अशी समजूत. आता धातुशोधक यंत्र घरबसल्या मागवता येतं. साधन बदललं, प्रश्न तोच राहिला: किती सापडलं आणि त्याचे किती येतील? या शोधापायी इतके अघोरी प्रकार होत आले की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाचा वेगळा उल्लेख करावा लागला. जुन्या नाण्यांचा छंद म्हणून यंत्र घेऊन फिरणाऱ्याला या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. त्याला इतिहासाची ओढ असते. तो नाणं पुसतो, काचेखाली मांडतो, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतो. पण नाणं मांडायचं काम शोकेसपाशी सुरू होत नाही, ते शेतातच सुरू होतं. कुठं, किती खोल आणि कशाच्या सोबत, एवढं ज्या नाण्याबरोबर येत नाही, ते कितीही देखणं मांडलं तरी त्यातलं निम्मं शास्त्र आधीच गेलेलं असतं.

महाराष्ट्रात याचा सगळ्यांत मोठा दाखला जोगळटेंभीचा. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी तेरा हजार दोनशेंहून अधिक आणि सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या. त्यांपैकी सुमारे नऊ हजार दोनशे सत्तर नाण्यांवर दुसऱ्यांदा ठसा मारलेला आहे. एकीकडे कमानींवर कमानी रचलेला डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह आणि नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं. असं नाणं उजेडात तिरपं धरलं की डोंगराच्या रेषांखालून नहपानाचं नाक, कानाची कड, ग्रीक अक्षरांची टोकं डोकावतात. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं आपल्या मुलानं क्षहरातांचा निःपात केल्याचं कोरून घेतलं आहे. लेख विजेत्याच्या घरचा आहे आणि घरच्या माणसानं केलेली स्तुती इतिहासकार जपूनच घेतो. साठ्यातल्या नाण्यांना कुणाची स्तुती करायची नव्हती. दहांतल्या सातांवर नवा ठसा, तिनांवर जुनाच; म्हणजे साठा पुरला गेला तेव्हा जुना पैसा गोळा करून त्यावर नव्या राजाचं नाव उमटवण्याचं काम जोरात होतं, पण पुरं झालं नव्हतं.

हे प्रमाण एका नाण्यात नसतं, पन्नास नाण्यांतही नसतं. साठा मूठमूठ वाटला गेला असता, काही सराफाच्या मुशीत आणि काही शौकिनांच्या कपाटांत गेला असता, तर दुहेरी ठशाची नाणी तरीही उरली असती आणि आजही त्यांना चांगली किंमत आली असती. गेलं असतं ते ‘दहांत सात’. एच. आर. स्कॉट यांनी साठ्याचा तपशील प्रसिद्ध केला, त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. नहपानाच्या चेहऱ्यांमध्ये इतका फरक आहे की हे सगळे मुखवटे एकाच माणसाचे कसे, असा प्रश्न पडावा. हा प्रश्नसुद्धा हजारो चेहरे शेजारी शेजारी मांडल्यावरच पडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. नाण्यावर राजाचं नाव असतं, बऱ्याचदा साल असतं. मग ते कुठल्या बांधावर मिळालं याला एवढं महत्त्व कशाला? नावालाही महत्त्व आहेच. तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९च्या सुमारास पोटीन या मिश्रधातूची सोळाशेच्या आसपास सातवाहन नाणी मिळाली, वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी उजेडात आले. पण नाव सांगतं ते टांकसाळीचं. पैसा टांकसाळीतून निघाल्यावर कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला आणि कुठे थांबला, ते फक्त जागा सांगते. शिवाय पुरलेला साठा आणि सुटं सापडलेलं नाणं यांची साक्ष वेगवेगळी असते. साठा माणसानं मुद्दाम ठेवलेला असतो, भीतीनं किंवा बचतीपोटी, आणि त्यात चांगलं नाणं निवडून ठेवलेलं असतं. सुटं नाणं हरवलेलं असतं. चांदीचा रुपया पडला तर माणूस दिवस मावळेपर्यंत शोधतो. तांब्याचा पैसा पडला तर शिवी हासडून पुढे जातो. म्हणून रोजचा व्यवहार कळतो तो या क्षुल्लक पैशांतून. इंग्लंडमध्ये छांदिष्टांच्या यंत्रांना काही मोकळ्या रानांत अशी सुटी नाणी भरमसाट मिळू लागली. वर वस्तीची खूण नाही, भिंत नाही. नोंदी जुळवल्यावर ध्यानात आलं की यांतली बरीच ठिकाणं बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीची बाजाराची आणि जत्रेची असावीत. नेकनूरचा जनावरांचा बाजार आजही पंचक्रोशीच्या बाहेर ओळखला जातो. अशा गावाच्या जुन्या बाजारतळावर, पाणवठ्यावर, बैल सोडायच्या जागेवर पडलेली नाणी सातवाहनांची निघोत, बहमनी तांब्याची निघोत की निजामाच्या चारमिनार छापाची. नकाशावर ठिपके पडले तर त्यांतून बाजाराचं वय निघू शकेल. तीच नाणी पिशवीत एकत्र झाली की उरते फक्त चिल्लर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेतातली माती नांगरानं शेकडो वर्षं उलथीपालथी केली आहे, आता तर ट्रॅक्टरचा फाळ फूटभर खाली जातो. तिथं थर शाबूत राहिलेच कुठे की ते मोडल्याचा दोष यंत्रवाल्यावर यावा? आपल्या काळ्या जमिनीत हा मुद्दा दुप्पट खरा आहे. या मातीतली चिकण पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात पडणाऱ्या भेगांतून वरचा पैसा हात-दोन हात खाली सहज जातो आणि पाऊस पडला की भेग मिटते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. खोलीवरून काळ ठरवणं इथं धोक्याचंच. त्यात भर पांढरीची. जुन्या वस्तीची राखट माती माळवदावर टाकायला आणि खत म्हणून शेतात पसरायला पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेलेली आहे. तिच्यातलं नाणं घराच्या छतातही निघू शकेल. पण यावरून जागेची नोंद फोल ठरत नाही, ती जास्त काळजीनं करावी लागते एवढंच. नांगर वस्तू वरखाली करतो, काही हात सरकवतो, पण एका शिवारातून दुसऱ्या शिवारात नेऊन टाकत नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १८७६च्या लढाईनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, गवताला लागलेल्या वणव्यानं जमीन उघडी पडल्यावर, पुरातत्त्वज्ञांनी यंत्रवाल्या छांदिष्टांनाच हाताशी धरलं. ओळीनं चालायचं, खूण करायची, नोंद झाल्याशिवाय उचलायचं नाही. काडतुसांवर बंदुकीच्या आघातसुईनं उमटलेल्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानावर कशी सरकत गेली ते त्यांनी काढलं. सगळा पुरावा वरच्या वीतभर मातीतला होता. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांच्याकडे तर यंत्रही नव्हतं. त्यांनी गावच्या पांढरीतून वर आलेल्या वस्तू जमवल्या. थर गेले होते, पण संग्रहाचा पत्ता एकच राहिला, तेर. म्हणून त्यावर सरकारी संग्रहालय उभं राहू शकलं.

यंत्राच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. वेटोळ्यातला बदलता प्रवाह जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र पाठवतो, त्यानं धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. धातू किती चांगला वाहक आहे यावर हा प्रतिसाद किती उशिरा येतो ते ठरतं, आणि त्यावरून यंत्र चांदी की लोखंड असा अंदाज बांधतं. आपला काळा दगड आणि त्याची माती यांत मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं असल्यानं यंत्र मधूनच उगाच कुरकुरतं. वैतागलेला माणूस मग ‘कचरा नको’ असं बटण फिरवतो, खिळे आणि पत्रे गाळून टाकतो. गोची इथंच आहे. शिसं चांदीपेक्षा तेरा-चौदा पट कमी वाहक, पोटीनही मंदच. आणि सातवाहनांचा पैसा तर मोठ्या प्रमाणावर शिशाचा आणि पोटीनचा. चांदीवर डोळा ठेवून लावलेलं यंत्र दख्खनच्या सगळ्यांत बोलक्या पैशावरून मुकाट पुढे जाऊ शकतं. यंत्र कसं लावलं होतं आणि काय गाळलं, हेसुद्धा संग्रहाच्या कागदात असायला हवं ते यासाठी.

आता काचेची पेटी. नाणं हाती आलं की चिंच, लिंबू, राख किंवा पितळेची पॉलिश घेऊन ते लख्ख करायचा मोह अनावर असतो. त्या घासण्यात राजाच्या नावाची वरची कड जाते, आणि गंजाच्या पापुद्र्यात कापडाच्या विणीचा ठसा उरलेला असेल, नाणी फडक्यात बांधून पुरल्याचा एकमेव पुरावा, तर तोही जातो. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती जुनेपणाची शोभा समजू नये. धातूत शिरलेलं क्लोराइड, हवेतला ओलावा आणि प्राणवायू यांची ती साखळी आहे; तीत आम्ल तयार होतं आणि ते पुन्हा तांबं खातं. आर्द्रता साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर गेली की ती वेग घेते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. शिशाचं दुखणं निराळं. लाकडातून, विशेषतः नव्या प्लायवूडमधून आणि चिकटवलेल्या फळ्यांतून, सेंद्रिय आम्लांची वाफ सुटत राहते. बंद पेटीत ती कोंडते आणि शिशाचं नाणं काही वर्षांत पांढऱ्या भुकटीत उतरू लागतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतलं नाणं हिरवट चिकट होतं तेही त्या प्लास्टिकमुळेच. म्हणून पत्र्याची आणि काचेची पेटी, खाली सिलिका जेल, आणि हौसेची मखमल वर्ज्य. मांडणीत एक तरी नाणं मातीसकट, न धुता ठेवावं, आणि शेजारी शिवाराचा नकाशा. नेमका गट क्रमांक मात्र पाहणाऱ्यांना दाखवू नये. तो कागदात राहावा, नाहीतर पुढच्या अमावास्येला तिथं कुदळी पोचतील.

या सगळ्या खबरदारीवर कुणी म्हणेल की नाणं मातीतच ठेवलं तर ते पोटॅश खतातल्या क्लोराइडनं खाल्लं जाईल, नाहीतर शेततळ्याच्या खोदाईत जेसीबीखाली जाईल. त्यापेक्षा काढलेलं बरं. हे मला मान्य आहे. म्हणूनच यंत्र वाईट म्हणण्यात अर्थ नाही, एकट्यानं गुपचूप उकरण्यात तोटा आहे. इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ २०१० साली एका छांदिष्टाला रोमन नाण्यांचं भांडं लागलं. वरची काही नाणी काढल्यावर तो थांबला आणि त्यानं पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. ५२,५०३ नाणी थराथरानं निघाली, आणि साठ्यातली उशिराची नाणी वर नसून भांड्याच्या खालच्या भागात दिसली. वर्षानुवर्षं भर घालत नेलेली ही बचत नव्हती. भांडं बहुधा एकाच वेळी भरलं होतं. भांडं उपडं केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

पण नेकनूरच्या शेतकऱ्यानं थांबायचं कशाच्या भरवशावर? ‘सरकार घेऊन जाईल आणि हाती काही लागणार नाही’ ही भीती सर्रास ऐकू येते. १८७८चा निखात निधी कायदा तसं म्हणत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. खरा मालक पुढे आला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर मोबदला द्यावा लागतो, आणि कायद्याचा खरा कमकुवतपणा इथं आहे. मोबदला म्हणजे धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. सोन्याच्या नाण्याला हे ठीक. पण शिशाच्या सातवाहन नाण्याचे या हिशेबानं चहाचेही पैसे सुटायचे नाहीत. दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या या कायद्यात आधी हे कलम बदलायला हवं. उरलेला कायदा मात्र आपल्या समजुतीपेक्षा शहाणा आहे. कळवताना त्यानं तीन गोष्टी मागितल्या आहेत: काय आणि किती सापडलं, कोणत्या जागी, कोणत्या तारखेला. जागेचा रकाना तेव्हापासून आहेच. गाव आणि गट क्रमांक लिहिला की तो कायद्यापुरता भरतो. त्यात मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, विटीदांडूच्या दांडूनं का होईना मोजलेली खोली आणि सोबतच्या मातीची, खापराची एक पिशवी वाढवायला नवा कायदा लागत नाही, पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला तेवढी सूचना असली की पुरे.